पडद्यावरील चित्र कां कलतें ?

भिंतीवरची तसबीर तिरपी लटकली असेल तर घरांतील कोणीहि उठून तिचा एक कोपरा बोटानें वर सारतो आणि काम संपतें. परंतु जुन्या संगणकाच्या पडद्यावरील चित्र तिरपें झालें असतां तसें बोट लावावयास जागाच नसते. कारण तें चित्र कोठें टांगलेलें नसतें. तें क्षणोक्षणीं नवें काढलें जात असतें. काढणारा हात म्हणजे विजेच्या कणांचा एक झोत, आणि त्या हाताला वळण देणारें म्हणजे चुंबकत्व. म्हणून चित्र कललें तर चुंबकत्वांतच कोठें तरी फरक पडला आहे असें समजावें. तो फरक डब्याच्या आंत आहे कीं बाहेर, हें डबा न उघडतां कसें ओळखावें, हा या लेखाचा विषय होय.

हल्लीं घरोघरीं जे सपाट पडदे दिसतात त्यांस हा रोग जडत नाहीं. त्यांतील प्रत्येक ठिपक्याची जागा कांचेवर कायमची ठरलेली असते. तेथें चित्र तिरपें दिसलें तर पडद्याचा स्टँड तपासावा, म्हणजे झालें. खोल पाठीचे, जड, मागें निमुळते होत गेलेले जे मॉनिटर इसवी सन २००० च्या मागेंपुढें शाळांतून, कचेऱ्यांतून व घरांतून सर्रास दिसत, त्यांच्यासंबंधीं आम्ही लिहीत आहों. आतां ते माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या गाडीवर दिसतात. परंतु एखाद्या हौशी मुलानें त्यांतील एक खालीं काढून चालूं केला, आणि चित्र कललेलें पाहून मागचें झांकण उघडावयास घेतलें, तर तो फार धोक्याच्या जागीं हात घालीत आहे, हें त्याला व त्याच्या वडील माणसांस ठाऊक असलें पाहिजे. तो धोका कोणता हें पुढें येईलच. तूर्त एवढेंच सांगतों कीं, या लेखांत विद्यार्थ्यांसाठीं जे प्रयोग दिले आहेत ते सर्व झांकण बंद ठेवूनच करावयाचे आहेत.

उदाहरणासाठीं आम्ही एकच यंत्र घेतों. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें जानेवारी १९८४ मध्यें मॅकिंटॉश नांवाचा संगणक विक्रीस काढला. संगणक आणि पडदा एकाच उभट पेटींत बसविलेले, आणि पेटी उचलून नेतां यावी म्हणून वरच्या अंगास खोलगट मूठ. पडदा नऊ इंची, केवळ काळा-पांढरा. त्यावर आडव्या ३४२ रेघा व प्रत्येक रेघेंत ५१२ ठिपके, म्हणजे एकंदर १,७५,१०४ ठिपके. एका इंचांत ७२ ठिपके असा हिशेब असल्यामुळें चित्राची रुंदी सुमारें १८ सेंटिमीटर व उंची सुमारें १२ सेंटिमीटर भरते. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं हें यंत्र प्रत्यक्ष पाहिलें असेल. तथापि जुनीं यंत्रें जपणारी मंडळी आजहि त्याची दुरुस्ती करतात, आणि चित्र कलणें हें त्याचें एक नेहमींचें दुखणें आहे. शिवाय काळा-पांढरा पडदा समजला म्हणजे रंगीत पडदा समजण्याचें अर्धें काम होतें.

या पेटींतील मुख्य वस्तु म्हणजे पिक्चर ट्यूब. प्रयोगशाळेंतील मोठा चंबू आडवा ठेवावा तशी ही कांचेची नळी. तिच्या आंतील हवा काढून घेतलेली असते. चंबूचा रुंद तळ हा आपल्या समोरचा पडदा, आणि लांब मान मागें गेलेली. मानेच्या टोकाशीं धातूचा एक लहानसा भाग विजेनें तापवितात. त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पडद्याच्या बाजूस दहा हजारांहून अधिक व्होल्टांचा धन दाब असल्यामुळें ते विलक्षण वेगानें पुढें ओढले जातात, आणि पडद्याच्या आंतल्या लेपावर आदळून प्रकाशाचा ठिपका उमटवितात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं अशी नळी १८९७ सालीं तयार केली. त्याच सालीं केंब्रिज येथें जे. जे. थॉमसन यांनीं हे किरण म्हणजे ऋण विजेचे कण होत असें दाखवून दिलें.

झोत एक, ठिपका एक. मग सबंध चित्र कसें उमटतें? मान जेथें रुंद होऊं लागते तेथें तिच्या भोंवतीं तांब्याच्या तारेचीं वेटोळीं एका कड्यावर बसविलेलीं असतात. या कड्यास दुरुस्ती करणारे 'योक' म्हणतात. बैलाच्या मानेवर जूं, तसा ट्यूबच्या मानेवर योक; इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थहि जूं असाच आहे. त्यांत वेटोळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी झोताला डावीकडून उजवीकडे नेते, दुसरी त्याला हळूहळू वरून खालीं उतरविते. मॅकिंटॉशमध्यें पहिली जोडी सेकंदास बावीस हजारांहून अधिक रेघा ओढविते, तर दुसरी सेकंदांत सुमारें साठ वेळां झोताला माथ्यापासून तळापर्यंत आणते. डोळ्यास मात्र स्थिर चित्र दिसतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला आपल्या दिशेनें ओढीत नाहीं. कणाची गति आणि क्षेत्र या दोहोंस काटकोनांत असलेल्या दिशेनें त्याला ढकलतें. म्हणून आडवी रेघ काढावयाची तर क्षेत्र उभें लागतें, आणि उभी काढावयाची तर आडवें. वर्गांत शिकविला जाणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तो हाच. मात्र इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळें विद्युत्प्रवाहाचें बोट त्याच्या गतीच्या उलट दिशेस धरावें लागतें. यावरून असें निघतें कीं, रेघ आडवी उमटणें हें योक मानेवर कसा बसविला आहे यावर अवलंबून आहे. योक एक अंश फिरला कीं सबंध चित्र एक अंश फिरतें. पेटी, पडदा व ट्यूब हीं जागच्या जागींच असतात.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. लागणारें साहित्य म्हणजे मिलिमीटरची पट्टी, गुण्या व होकायंत्र. चित्राची तुलना नेहमीं पडद्याच्या चौकटीशीं करावी, टेबलाशीं करूं नये. टेबलाचाच एक पाय आंखूड असल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत, आणि तेथें गवंड्याची पाणसळ संगणकाच्या कारागिराहून अधिक उपयोगी पडते. चित्राच्या वरच्या कडेपासून चौकटीपर्यंतचें अंतर डाव्या व उजव्या टोकांशीं मोजावें. समजा, डावीकडे ६ मिलिमीटर आणि उजवीकडे ९ मिलिमीटर भरलें. फरक ३ मिलिमीटरांचा, रुंदी १८० मिलिमीटर. म्हणजे साठांत एक. साठांत एक उतार म्हणजे जवळजवळ एक अंश. चित्राची उभी कड १२० मिलिमीटर आहे. तिच्या दोन टोकांच्या अंतरांत २ मिलिमीटरांचा फरक निघाला तर तीहि एकच अंश कलली आहे, आणि चित्र न मोडतां सबंध फिरलें आहे असें ठरतें. चित्राच्या कोपऱ्यांत गुण्या ठेवला असतां काटकोन बरोबर जुळला पाहिजे. तो जुळत नसेल, म्हणजे आडव्या कडा कलल्या पण उभ्या उभ्याच राहिल्या असतील, तर वेटोळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींशीं काटकोनांत राहिल्या नाहींत असें समजावें. नुसता योक फिरवून हा दोष जात नाहीं. केवळ एकच कोपरा ओढल्यासारखा दिसत असेल तर प्रथम जवळचा लाउडस्पीकर उचलून दूर ठेवावा. त्यांत लोहचुंबक असतो.

चित्र न मोडतां सबंध फिरलें आहे असें ठरलें, तरी दोष योकाचाच आहे असें म्हणण्याची घाई करूं नये. कारण चित्र तितकेंच सुबकपणें फिरविणारा दुसरा एक चुंबक आहे, आणि तो म्हणजे आपली पृथ्वी.

ही गोष्ट प्रथम ऐकणारास खरी वाटत नाहीं. म्हणून जरा सावकाश पाहूं. पडदा बरोबर उत्तरेकडे तोंड करून ठेविला आहे अशी कल्पना करा. पृथ्वीचें आडवें चुंबकीय क्षेत्र ट्यूबच्या मागून पुढें, तिच्या लांबीच्या दिशेनेंच जाईल. पडद्याच्या मध्यावर जाणारा इलेक्ट्रॉन या क्षेत्राशीं समांतर असतो. त्याला तें क्षेत्र मुळींच ढकलीत नाहीं. परंतु पडद्याच्या माथ्याकडे निघालेला इलेक्ट्रॉन पुढें जातां जातां वरहि चढत असतो. त्या चढण्याची दिशा क्षेत्राला आडवी असल्यामुळें त्याला एका बाजूस धक्का बसतो. तळाकडे जाणारास नेमका उलट बाजूस बसतो. उजवीकडे जाणारा वर जात असेल तर डावीकडे जाणारा खालीं जातो. चाकाच्या आऱ्या जशा आंसाभोंवतीं सरकतात तसे हे सर्व ठिपके मध्याभोंवतीं सरकतात, आणि मध्य तेवढा जागींच राहतो. पडद्याचें तोंड दक्षिणेस केलें कीं क्षेत्राची दिशा उलटते, व चित्र तितकेंच उलट बाजूस फिरतें.

हें फिरणें किती ? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पृथ्वीचें आडवें क्षेत्र सुमारें ०.३८ गॉस आहे. ट्यूबचा दाब १२,००० व्होल्ट धरला तर इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदास सुमारें ६४,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या एक पंचमांशाहून थोडा अधिक, येतो. योकापासून पडद्यापर्यंतचें अंतर १५ सेंटिमीटर मानूं. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील सवादोन-अडीच भागांत हा प्रवास संपतो. एवढ्या अल्प काळांत इतकें दुबळें क्षेत्र काय करणार, असें वाटेल. परंतु गणित करून पाहतां चित्र जेमतेम अर्धा अंश फिरतें असें उत्तर मिळतें. म्हणजे उत्तरमुखी पडदा दक्षिणमुखी केला तर एकंदर फरक जवळजवळ एक अंशाचा, आणि १८ सेंटिमीटर रुंदीवर तो सुमारें ३ मिलिमीटर भरतो. टेबल या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलविल्यावर चांगलें चित्र एकाएकीं वांकडें झालें, अशी तक्रार पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येई. तिचें एक कारण हें.

पृथ्वीच्या या क्षेत्राचें मोजमाप आपल्या प्रांतांत फार दिवसांपासून चालत आलें आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून तें नियमानें होत असे. पुढें शहरांतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहानें नाजूक चुंबकसूच्या बिघडतील हें ओळखून १९०४ सालीं अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारण्यांत आली. तिच्या इमारतीस चुंबकावर परिणाम करणारें कोणतेंहि साहित्य वापरूं नये अशी खबरदारी घेतली गेली. जुन्या व नव्या ठिकाणचीं मापें जुळून यावीं म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळीं नोंदी ठेवल्या. मुंबईंत विजेची ट्राम धांवली ती १९०७ सालीं. जे विद्यार्थी सुट्टींत अलिबागेस जातात त्यांतील बहुतेक किल्ला व समुद्र पाहून परततात. त्यांनीं या वेधशाळेचेंहि नांव लक्षांत ठेवावें. आमच्या वरील गणितांतील ०.३८ गॉस हा आंकडा तिच्याच मुलखांतला आहे.

आतां होकायंत्राचा प्रयोग. टेबल लांकडी असावें, आणि लोखंडी कपाट व खिडकीचे गज यांपासून तें दूर ओढावें. होकायंत्र टेबलावर ठेवून उत्तर-दक्षिण रेघ खडूनें आंखावी. हें काम मॉनिटर ठेवण्यापूर्वींच करावयाचें. तो जवळ असला म्हणजे त्याच्या आंतील लोखंडानें सूई भलतीकडे वळते. नंतर कोणा मोठ्या माणसाच्या मदतीनें मॉनिटर त्या रेघेवर उत्तरमुखी ठेवून चालूं करावा. पंधरा-वीस मिनिटें तापूं द्यावा आणि वर सांगितल्याप्रमाणें कल मोजावा. मग बंद करून दक्षिणमुखी ठेवावा व पुनः मोजावा.

समजा उत्तरमुखी असतां चित्र उजवीकडे ४.५ मिलिमीटर उतरलेलें आढळलें, आणि दक्षिणमुखी असतां त्याच बाजूस १.५ मिलिमीटर. दोहोंची सरासरी ३ मिलिमीटर. हा योकाचा दोष. दोहोंच्या फरकाचें अर्ध, म्हणजे १.५ मिलिमीटर, हा पृथ्वीचा वांटा. उलट, उत्तरमुखी असतां उजवीकडे १.५ व दक्षिणमुखी असतां डावीकडे १.५ असें आढळलें तर सरासरी शून्य येते. योक निर्दोष आहे. झांकण उघडण्याचें कारणच उरलें नाहीं. अशा वेळीं पडदा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून ठेवावा. तेथें पृथ्वीचें आडवें क्षेत्र ट्यूबला आडवें येतें. त्यामुळें चित्र किंचित् वर किंवा खालीं सरकेल, पण कलणार नाहीं.

विद्यार्थ्यांचें काम येथें संपतें. योक सरकला आहे असें ठरल्यास पुढचें काम टी. व्ही. दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराचें. आणि तें काय आहे हें पालकांस कळावें म्हणून थोडक्यांत सांगतों.

पिक्चर ट्यूबच्या कांचेस आंतून व बाहेरून विजेचा वाहक लेप दिलेला असतो. आंत वाहक, मध्यें कांच, बाहेर वाहक. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील लेडन बरणी ती हीच. यंत्र बंद करून भिंतीवरची तार काढून घेतली तरी या बरणींत हजारों व्होल्टांचा भार सांचून राहूं शकतो. 'बंदच तर आहे' असें म्हणून आंत घातलेल्या हातास तो झटका देतो. आणि झटक्यानें मागें ओढलेला हात बहुधा ट्यूबच्या मानेवर आदळतो. ट्यूबच्या आंत हवा नाहीं, बाहेर मात्र आहे. केवळ चित्राएवढ्या, १८ गुणिले १२ सेंटिमीटर भागावर हवेचा दाब २२० किलोग्रॅम वजनाइतका होतो. पुढची कांच जाड असते. मान मात्र पातळ. मान मोडली कीं ट्यूब गेली, आणि अशा नळ्या बनविणारे मोठे कारखाने आतां बंद झाले असल्यामुळें तिच्या जागीं नवी मिळणें कठीण.

म्हणून जाणता कारागीर प्रथम तो भार ट्यूबच्या बाहेरच्या जमिनीच्या तारेंत उतरवून टाकतो, आणि नंतरच योकाकडे वळतो. यंत्र एकदां जरी पुनः चालूं केलें तरी बरणी पुनः भरते. तेव्हां हें उतरविणें प्रत्येक खेपेस करावें लागतें. त्याचा कंटाळा करणाऱ्या कारागिराच्या हातीं यंत्र देऊं नये. योकाच्या मागच्या अंगास मानेभोंवतीं एक पट्टा व त्याला एक स्क्रू असतो. तो किंचित् सैल करावयाचा, काढावयाचा नाहीं. योकाचें बाहेरचें कडें सहा सेंटिमीटर व्यासाचें धरलें तर त्याचा परीघ सुमारें १८८ मिलिमीटर. एक अंश म्हणजे त्यावर अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् अधिक. इतकें थोडें फिरवावयाचें असल्यामुळें आधीं पेन्सिलीनें खूण करणें हेंच शहाणपणाचें. फिरवितांना योक पुढें, रुंद भागाकडे, दाबून धरला पाहिजे. तो मागें घसरला तर झोत मानेच्या कांचेवर अडतो व चित्राचे कोपरे काळे पडतात. चालूं यंत्रांत हात घालून, चित्र पाहत पाहत योक फिरविणारे लोक आहेत. ती रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. बंद करावें, भार उतरवावा, फिरवावें, स्क्रू आवळावा, चालूं करून पाहावें. दोन-तीन खेपांत काम होतें. स्क्रू आवळतांनाहि बेतानेंच, कारण पट्ट्याच्या खालीं पातळ कांच आहे.

रंगीत मॉनिटरची गोष्ट निराळी. त्यांत तांबडा, हिरवा व निळा यांसाठीं तीन झोत असतात, आणि ते पडद्यामागील जाळींतून आपापल्या रंगाच्या लेपावरच पडावे लागतात. त्यासाठीं कारखान्यांत योकाखालीं रबराच्या पाचरी ठोकून व मागच्या चुंबकी कड्या जुळवून सर्व कांहीं पक्कें केलेलें असतें. योक हलविला तर चित्र सरळ होईल, पण अक्षरांच्या कडांना रंगीत झालरी लागतील. येथें होकायंत्राचा प्रयोग करतांना दर वेळीं दिशा बदलल्यावर मॉनिटर वीस-पंचवीस मिनिटें बंद ठेवून मग चालूं करावा. चालूं होतांना जो घुमल्यासारखा आवाज होतो, त्या वेळीं आंतील एक वेटोळें जाळींतलें जुनें चुंबकत्व पुसून टाकीत असतें. पुष्कळ मॉनिटरांत पुढच्या बटनांवर 'टिल्ट' किंवा 'रोटेशन' अशी सोय असते. तिनें ट्यूबभोंवतींच्या निराळ्या वेटोळ्यांतून थोडा एकदिश प्रवाह सोडला जातो. त्याचें क्षेत्र ट्यूबच्या लांबीच्या दिशेनें, म्हणजे वर पृथ्वीच्या क्षेत्राविषयीं सांगितलें त्याच रीतीनें, चित्र फिरवितें. मात्र आपणांस हवें त्या बाजूस. ही सोय असेल तर ती वापरावी. ती नसेल, आणि दिशा बदलूनहि दोन मिलिमीटरांचा कल राहत असेल, तर रंगीत मॉनिटरच्या योकाचा स्क्रू सैल करण्यापेक्षां तो कल सोसावा, असें आमचें मत आहे.